दोन नावं, एक डिग्री

तीन बायका दर रविवारी एका कॉम्प्युटरसमोर बसल्या की अभ्यास किती होतो ते विचारू नये, किस्से मात्र साचत जातात. आमचे साचले इंग्लंडात, लेस्टरला, मंगलताईंच्या फ्रंट रूममध्ये. दोन वर्षांची ऑनलाइन डिग्री, जनरल स्टडीज. सवडीने शिका, हवे ते विषय घ्या. थोडा इतिहास, थोडं मानसशास्त्र, थोडे तारे. अजून डोळे मिटले की ती खोली दिसते. बाहेर धुकं, आत चहा, आणि एकेक पान उघडायला वेळ घेणारा कॉम्प्युटर. पान उघडेपर्यंत आम्ही मनाने कुठे कुठे जाऊन यायचो.

मंगलताई आमच्यात मोठ्या. यजमान इथे डॉक्टर. ताईंचं बी.ए. नाशिकला पहिल्या वर्षानंतर लग्नामुळे सुटलेलं. दोन वर्षांनी डॉक्टर रिटायर होऊन परत जाणार होते. "त्याआधी डिग्री हातात हवी," ताई म्हणायच्या. "एकदा तिकडे गेले की मी आणि पाहुणे."

*

पहिला ऑनलाइन क्लास. हेडफोनमध्ये ट्यूटरबाईंनी नाव घेतलं आणि मंगलताई ताडकन उभ्या राहिल्या. वायर ताणली, कीबोर्ड खाली.

"अहो ताई, त्यांना दिसत नाही," मी म्हटलं.

"मला दिसतं ना."

शेवटी आम्ही लांब वायर आणली. ताई उभ्यानेच उत्तरं देत राहिल्या.

*

क्लासच्या ऑनलाइन फोरमवर दुसऱ्याचं मत खोडून काढायला मार्क होते. आमच्यातली तिसरी, विद्या, पुण्याची, तिला अभ्यास न करता पैकीच्या पैकी. ताईंनी मात्र ट्यूटरबाईंच्या मताखाली लिहिलं, "तुमचं बरोबर नाही, पण असं लिहून कशाला? घरी या, बोलू."

ट्यूटरबाई खरंच आल्या. तीन थालीपीठं खाल्ली आणि मत बदलून गेल्या.

*

तारे शिकताना महिनाभर चंद्राची नोंद ठेवायची होती. लेस्टरचं आभाळ म्हणजे कायमचं पांघरूण. ताईंची वही पानोपानी "ढग" अशीच भरली. संकष्टीला मात्र वेगळी नोंद: "चंद्र दिसला नाही. नाशिकच्या कॅलेंडरप्रमाणे उगवला असं धरून जेवले."

ट्यूटरबाईंनी शेरा दिला, "हे निरीक्षण नव्हे, श्रद्धा आहे." तरी पास केलं.

*

दुसऱ्या वर्षी युनिव्हर्सिटीच्या ऑफिसचं पत्र आलं. सवडीने शिकता शिकता ताई मागे पडल्या होत्या; नाशिकचं एक वर्ष धरलं तरच ताईंची डिग्री वेळेत होणार होती. मार्कशीट होती, पण तिच्यावर नाव कुसुम. लग्नानंतर आडनाव बदलतं हे ऑफिसला ठाऊक होतं, पण कुसुमची मंगल कशी झाली? पुरावा द्या, म्हणाले.

पुरावा कुठून आणणार? लग्नात डॉक्टरांनी ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं होतं. ते तांदूळ केव्हाच शिजून गेले.

"राहू दे," ताई म्हणाल्या. त्या दिवशीच्या क्लासमध्ये ट्यूटरबाईंशी त्या पहिल्यांदा बसून बोलल्या. मला फार वाईट वाटलं.

मग डॉक्टरांनीच पत्र लिहिलं, हॉस्पिटलच्या सवयीने मोजकं. "कुसुम आणि मंगल ही एकच व्यक्ती आहे. नाव मी बदललं. तिला विचारलं नव्हतं." खाली सही. ताईंनी ते दोनदा वाचलं आणि पाकिटात घातलं. ऑफिसला तेवढं पुरलं.

*

सर्टिफिकेटवर कोणतं नाव छापायचं, असा शेवटी एक फॉर्म होता. ताईंनी तो कुणाला न दाखवता भरला.

सर्टिफिकेट पोस्टाने आलं त्या दुपारी आम्ही तिथेच होतो. डॉक्टरांनी चष्मा लावून वाचलं. छापलेलं नाव होतं कुसुम. ते स्वयंपाकघरात जाऊन ताटात तांदूळ पसरून घेऊन आले. अंगठी बोटातून निघेना, म्हणून उठून साबण लावून आले. मग खिडकीतल्या मऊ उजेडात, एकेक अक्षर जपून काढत त्यांनी लिहिलं, आणि ताट ताईंपुढे सरकवलं.

"कुसुम. बरोबर आहे का?"

मंगलताई उभ्या राहिल्या. ताट हातात घेऊन बराच वेळ बघत होत्या. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "जेवूनच जा गं दोघी."

आणि त्यांनी ते तांदूळ धुवायला घेतले.