सहा भाडेकरार आणि वाडीतली एक शाळा

अर्जदार : मी स्वतः, वय पन्नाशीच्या अलीकडे, धंदा अर्जलेखन, बैठक पोलादपुरात तहसील कचेरीसमोर.
ज्यांच्याविरुद्ध तक्रार : शिक्षण खाते.
घटनेचा दिवस : जूनमधला सोमवार, ज्या दिवशी शाळा उघडतात.
घटनास्थळ : उमरठच्या वाटेवरल्या वाडीतली जिल्हा परिषदेची शाळा. ती त्या दिवशी उघडली नाही.
साक्षीदार : एक आई आणि तिची तिसरीतली मुलगी.
नावे मुद्दाम गाळली आहेत. ती उघड झाली तर सहा मुलांचे प्रवेश जातील.

माझे शिक्षण आठवीत थांबले, पण माझ्या मसुद्यात आजवर एकाही वकिलाला खोट सापडलेली नाही, हे आधीच नमूद करतो.

गरिबाच्या मुलाला खाजगी शाळेत राखीव जागा मिळते आणि त्याची फी सरकार भरते, असा कायदा आहे. अट एवढीच की घर शाळेच्या जवळ हवे. वाडी पडली लांब. म्हणून वाडीतले पालक माझ्याकडे आले आणि पोलादपुरात खोल्या घेतल्याचे सहा भाडेकरार मी स्टॅम्पपेपरवर लिहून दिले. झोपायला सगळे वाडीतच. सोडतीत सहाही मुलांचे नंबर लागले. ती आता फाट्यावरून गाडीत बसून इंग्रजी शाळेत जातात. मला त्याचा अभिमान होता.

सातवा अर्ज या साक्षीदार मुलीचा झाला असता. तिच्या आईने खोटा पत्ता नको म्हणून अर्जच केला नव्हता.

पुढे जे घडले ते मला दिसायला हवे होते, दिसले नाही. गावच्या शाळेला शिक्षक आणि अनुदान पटावर मिळते. सहा मुले गेली, पट घसरला, अनुदान आटले, गुरुजींची बदली झाली आणि उरलेल्या चौघांना पऱ्यापलीकडच्या शाळेत जायचा हुकूम आला. पावसात तो ओढा मोठी माणसेसुद्धा हात धरून ओलांडतात.

त्या सोमवारी आई मुलीला घेऊन थेट माझ्या टेबलाशी आली.

"भाऊ, सहा घरांचा पत्ता तुमी बदललात. आमी आमचा तेवढा खरा ठेवला, म्हणून आमची शाला बंद?"

"अर्ज करू," मी म्हणालो.

"करा. पन ह्या पावसात मी हिला पऱ्यातून धाडनार नाय. घरीच ऱ्हाईल."

मी तीन पाने अर्ज लिहिला. वाडीत दहा मुले राहतात, सबब शाळा चालू ठेवावी, असा मुद्दा अगदी कायदेशीर मांडला. शिक्षण कार्यालयातल्या साहेबांनी तो शांतपणे वाचला, कपाटातून एक फाइल काढली आणि माझेच सहा करार टेबलावर पसरले. प्रत्येकाखाली लिहिणारा म्हणून माझी सही.

"अर्जनवीस, मुलं पोलादपुरात राहतात असं तुम्हीच लिहिलंय. आता वाडीत राहतात म्हणताय. कुठला कागद खरा धरू?"

साहेबांनी एक कोरा कागद काढला.

"करार खोटे आहेत असं लिहून द्या. मी दहाचा पट धरतो. पण मग तिकडचे प्रवेश रद्द."

कागद पुढे सरकवून ते चहा प्यायला निघून गेले. लेखणी माझ्या हातात होती. मी लिहिले नाही.

बाहेर येऊन आईला सगळे सांगितले. ती कचेरीच्या पायरीवर बसली. मग म्हणाली, "त्या पोरांचा प्रवेश नका काढू. त्यांनी काय केलंय?"

मला संताप येतो तो इथे. माझी चूक मी पदरात घेतो. पण एका गरिबाच्या मुलाची फी तिकडे भरायची आणि त्याच कारणाने दुसऱ्या गरिबाच्या मुलीचा मास्तर इकडून काढून घ्यायचा, हा न्याय कोणत्या कलमात बसतो? आणि निवड कोणी करायची, तर पायरीवर बसलेल्या त्या बाईने.

सबब मागणी अशी की, सहा मुलांच्या प्रवेशाला हात न लावता, चार मुलांच्या पटावर वाडीची शाळा उघडावी व एक शिक्षक द्यावा. ते जमत नसेल तर पऱ्यापलीकडे ही मुलगी रोज ज्या अधिकाऱ्याच्या हाताला धरून जाईल, त्याचा हुद्दा लेखी कळवावा. करारांबद्दल जी शिक्षा असेल ती एकट्या लिहिणाऱ्यास द्यावी. उत्तर तोंडी नको. पाऊस सुरू झाला आहे आणि मुलगी घरी आहे.