पोस्टमास्तरांची वही

"सांगू नोका!" म्हणत मास्तर आपला तळहात समोरच्याच्या तोंडापुढे धरायचे. मंगरूळपीरकडच्या आमच्या लहानशा टपालकचेरीचे ते पोस्टमास्तर, मी त्यांच्या हाताखालचा कारकून. कोड्याचं उत्तर मला सुचलंय असा नुसता संशय आला तरी ते कावरेबावरे व्हायचे. "मले सोडवू द्या. तुमी टपाल लावा!"

शब्दकोडी हे त्यांचं व्यसन. शिरपूरचे एक गुरुजी त्यांचे जोडीदार. दोघे दर आठवड्याला एकमेकांना कार्डावर एकच कोडं धाडायचे. उत्तर कार्डावर लिहायचं नाही, ते आपापल्या वहीत, हा नेम. एकदा गुरुजींनी लिहिलं, "कपाटाचं डोकं उडवा अन् जेवाले बसा." मास्तरांनी तीन दिवस डोकं खाजवलं. चौथ्या दिवशी माझ्या टेबलावर थाप मारून म्हणाले, "अहो, क काढून टाका. पाट राह्यला!" आता अशा माणसावर रागवायचं तरी कसं, तुम्हीच सांगा.

बेचाळीस साली जागोजागी तारा तुटू लागल्या आणि टपाल तपासलं जाऊ लागलं. नेमकं तेव्हाच आमच्या या भल्या मास्तरांनी गुरुजींना कार्ड टाकलं, "सरकारचं सर उडवा अन् मोटारीत बसा."

चौथ्या दिवशी पोलीस शिपाई निरोप घेऊन आला. कार्ड पोलीस साहेबांकडे होतं, साहेब उद्या येणार होते. मास्तर हसले आणि जेवायला घरी गेले. मला मात्र झडती दिसू लागली. खणातल्या वहीत असली दोनशे कोडी होती. शिक्क्याची लाख वितळवायची शेगडी पेटलेलीच होती. मी वही तिच्यात घातली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले.

"कोडं हाय साहेब," मास्तर म्हणाले. "सर म्हंजे डोकं. थे काढलं का कार राह्यते."

साहेब चक्क हसले. "अशी आणखी आहेत?"

"वहीभर! उत्तरासकट लिहेल हायेत."

"मग वही दाखवा, मी जातो."

मास्तरांनी खण उघडला. मग दुसरा. मग त्यांची नजर शेगडीतल्या जळक्या पुठ्ठ्यावर गेली, आणि तिथून माझ्यावर. मी खाली बघून टपाल लावू लागलो.

"वही कुठं आहे?" साहेबांचं हसू गेलं होतं.

"म्याच जाळली," मास्तर म्हणाले.

त्यांना मोटारीत बसवून अकोल्याला नेलं. महिन्याभराने त्यांच्या खुर्चीवर नवे मास्तर आले. लोक विचारायचे, "मास्तर कवा येतीन हो?" मी मान हलवायचो. कचेरीपुढे मोटार थांबली की मात्र मी मागच्या खोलीत जायचो. मास्तर परत येतील, याचीच मला भीती वाटायची.