दुसऱ्या खेपेचं दुखणं

आमच्या चारकोपात, सेक्टर पाचपासून आठपर्यंत, कुंदामावशीचा हात न लागलेली बाळंतीण शोधून सापडणार नाही. आणि त्या बाळंतिणींच्या नवऱ्यांपैकी दोन-चार जणांच्या गालालाही तोच हात लागलेला आहे. सेक्टर सहामधल्या एकानं बायकोच्या सिझरला आठवडा झाला नव्हता तर तिला पोळ्या लाटायला उठवलं होतं. कुंदामावशीनं तेलानं माखलेल्या हातानं, त्याच्या आईसमोर, त्याला एक ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी ती त्याच घरी मालिशला गेली, आणि दार त्यानंच उघडलं.

मी तिच्या शेजारची. माझी दोन्ही बाळंतपणं तिनं काढली. तिचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे मला लग्न होऊन इथे आल्याच्या पहिल्याच आठवड्यात कळलं, कारण नळावर तिच्यापुढे हंडा ठेवला म्हणून तिनं तो लाथेनं उडवला होता. भिंत एकच असल्यामुळे तिच्या घरातलं सगळं ऐकू यायचं. तिचा नवरा काशीराम गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झाला आणि दिवसभराचा राग कुणावर तरी काढायचा म्हणून तिच्यावर काढायला लागला. पट्ट्यानं मारायचा. ही दोन मुलांसाठी म्हणून सहन करत राहिली, आणि एक दिवस हळद कुटता कुटता उठली आणि हातातला बत्ता तिनं त्याच्या खांद्यावर घातला. हाड मोडलं. त्यानंतर मरेपर्यंत काशीराम तिला अहो-जाहो करायचा, असं ती हसत सांगायची. मला मात्र त्या गोष्टीचं कधी हसू आलं नाही, कारण भिंतीपलीकडून तो आवाज मी ऐकला होता.

पण बाळंतिणीपाशी ही बाई वेगळी व्हायची. सिझर झालेलीच्या पोटाला ती तेल लावायची नाही, पाय आणि पाठ चोळायची आणि तळहात नुसता बेंबीपाशी ठेवून बघायची. तेवढ्यावर तिला सगळं कळायचं. माझ्या पहिल्या सिझरच्या वेळी टाका असा पेटायचा की शिंक येईल या भीतीनं मी नाक दाबून बसायचे. दुसऱ्या वेळी वरचा टाका लवकर निवला, पण बाळाला पाजायला घेतलं की आतली पिशवी कुणीतरी ओला टॉवेल पिळावा तशी पिळली जायची. माझ्या सासूबाई म्हणाल्या, दुसऱ्यांदा कसलं एवढं दुखतं, आता सवय झाली असेल. कुंदामावशीनं माझ्या सासूबाईंना तोंडावर सुनावलं होतं. पहिल्याचं दुखणं कातडीत असतं, दुसऱ्याचं आत असतं आणि ते दिसत नाही, म्हणून बाईला खोटारडी ठरवू नका. हे वाक्य तिच्याकडून सगळ्या चारकोपानं ऐकलंय. मी तर ते आयुष्यभर विसरणार नाही, कारण त्या दिवशी माझ्या बाजूनं बोलणारी ती एकटीच होती.

तिची सून जान्हवी सांताक्रूझची. लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायचं काम करते, शांत मुलगी, पण मान खाली घालणारी नाही. पहिली मुलगी मीरा सिझरनंच झाली. तेव्हा पाचवीला जान्हवी पाटावर बसली, वाकली, कपाळ टेकून नमस्कार केला, डोळ्यांतून पाणी काढलं पण हूं की चूं केलं नाही. कुंदामावशीनं ते कौतुक सगळीकडे मिरवलं. आमच्या सुनेसारखी सोसणारी नाही, म्हणायची. मला तेव्हाच ते कौतुक नीटसं आवडलं नव्हतं.

यंदा दुसरं, मुलगा. ऑपरेशनला दुप्पट वेळ लागला. पहिल्या वेळचं आतलं सगळं एकमेकांना चिकटलं होतं, ते सोडवत सोडवत जावं लागलं, असं डॉक्टरांनी कुंदामावशीच्या मुलाला, सर्वेशला सांगितलं. सर्वेशनं ते घरी सांगितलंच नाही. नंतर मी त्याला धरून विचारलं तर म्हणाला, बायकांचं काय ते मला नीट कळलं नाही. मोबाईलचा हप्ता बरोबर कळतो त्याला.

पाचव्या दिवशी सकाळी जान्हवीला घरी आणलं आणि त्याच संध्याकाळी पाचवी. पाचवीला सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहिते, म्हणून पाट्यावर वरवंटा उभा करून त्याची पूजा करतात, शेजारी कोरा कागद आणि पेन ठेवतात, आणि बाळंतिणीनं त्यापुढे वाकून मुलाचं भलं मागायचं असतं. मला सवाष्ण म्हणून बोलावलं होतं. मी दुपारपासूनच मदतीला गेले. तेव्हा मी एक गोष्ट पाहिली. कुंदामावशीनं सुनेच्या पोटावर तळहात ठेवला आणि तो तिथेच थांबला. बराच वेळ थांबला. मग तिनं तो काढून पदराला पुसला आणि कणकेचे दिवे करायला बसली. तिला कळलं होतं. पण मी काही विचारलं नाही, आणि तिनंही काही सांगितलं नाही.

दिवेलागणीला आम्ही पाच-सहा बायका जमलो. सर्वेश मोबाईलवर व्हिडिओ काढत उभा होता. जान्हवीला दोघींनी धरून आणलं. पाटावर बसतानाच तिचा चेहरा राखेसारखा झाला. हळदकुंकू वाहून झालं आणि कुंदामावशी म्हणाली, चल, वाक आता.

"आई, मी बसलेय ना. हात जोडते. वाकायला नाही जमणार."

"गेल्या खेपेस वाकलीस ती कशी?"

"तेव्हा वरचा टाका दुखत होता, तो सोसला. आता आत काहीतरी ओढतंय. वाकले तर तुटेल."

बायकांना तोंडं असतातच. एक म्हणाली, दुसरंच तर आहे, सवय झाली असेल. दुसरी म्हणाली, आजकालच्या मुलींना पेनकिलरशिवाय काही सोसवत नाही. आणि मी, दुसऱ्या खेपेला ओला टॉवेल पिळल्यासारखं भोगलेली मी, काय म्हणाले? एकदाच वाक गं आणि मोकळी हो, म्हणाले. लाज वाटते मला. हे लिहिताना राग येतोय तोही माझ्यावरच.

जान्हवीनं मान हलवली. नाही म्हणाली. एवढ्या बायकांसमोर सुनेनं नाही म्हणणं कुंदामावशीला झोंबलं. तिचा चेहरा मी ओळखते. काशीरामवर बत्ता उचलला त्या दिवशीही तो असाच झाला असणार. तिचं शहरी बोलणं गळून पडलं आणि गावचं वर आलं.

"माझ्या नातवाच्या नशिबाक आड येतंस? वाकतंस काय नाय?"

तिनं डावा हात पाट्याच्या कडेवर टेकला, उजवा जान्हवीच्या मानेवर ठेवला आणि दाबलं. आयुष्यभर शेकडो पाठी चोळलेला हात तो, त्यात किती जोर असतो हे त्याच्याखाली झोपलेलीलाच माहीत. जान्हवी अर्धी वाकली आणि तिच्या तोंडातून जो आवाज आला त्याला किंकाळी म्हणता येणार नाही, तो पोटातून आला. ती बाजूला सरकायला बघत होती. कुंदामावशीनं मानेवरचे केस मुठीत धरले आणि परत दाबलं, ह्या वेळी अंगाचा भार टाकून. जान्हवीचं कपाळ पाट्याच्या दगडावर आपटलं. भुवईतून रक्त आलं. गाऊन पोटाशी ओला झाला, आधी गुलाबी पाणी, मग लाल, आणि ते पाटावरून फरशीवर उतरायला लागलं. कोपऱ्यात बसलेली मीरा आईला हाका मारत होती. आम्ही सगळ्या तशाच बसून होतो. सर्वेशचा मोबाईल अजून वरच होता.

जान्हवीच्या हाताला काय लागलं तर वरवंटा. तो तिनं उचलला. पाच दिवसांपूर्वी चिरलेल्या बाईनं तो दगड कसा उचलला हे मला आजही सांगता येणार नाही. तिनं तो सरळ खाली आणला, पाट्याच्या कडेवर टेकलेल्या सासूच्या डाव्या हातावर. बोटं दोन दगडांमध्ये सापडली. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. तिनं तो पुन्हा उचलला आणि पुन्हा घातला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा तो तिच्या हातून निसटला आणि ती बाजूला कलंडली.

तेव्हा कुठे मी उठले. पहिल्यांदा काय केलं असेल तर सर्वेशच्या हातातला मोबाईल हिसकून भिंतीवर फोडला. रिक्षा आण म्हटलं आणि त्याच्या पाठीत बुक्की घातली, तसा तो धावला. मीराला आणि बाळाला शेजारणीकडे दिलं. जान्हवीच्या पोटाशी मी चादरीची घडी दाबून धरली आणि तिला उचलून रिक्षात घातलं. कुंदामावशी आपणहून पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली. तिची तीन बोटं उलट्या दिशेला वळली होती आणि ती त्यांच्याकडे बघतही नव्हती. रिक्षावाला एका बाजूला सरकून अंग चोरून चालवत होता. सर्वेश मागे माझ्या पलीकडे बसला होता.

नर्सिंग होममध्ये जिनं ऑपरेशन केलं होतं तीच डॉक्टर होती, तिशीतली मुलगी. तिनं चादर काढली, बघितलं आणि सिस्टरला ऑपरेशनची तयारी करायला सांगितलं. वरची कातडीच नाही, आतला थरही उसवला होता. हे कसं झालं, असं तिनं विचारलं. भुवईची जखम बघून तिनं दुसऱ्यांदा विचारलं, अधिक हळू. सर्वेश माझ्या मागे उभा होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात जान्हवी म्हणाली, मोरीत पाय घसरला.

मला वाटलं झालं, मिटलं. सुनेनं घराची अब्रू राखली, आता कुंदामावशीही दारात बोटं अडकली म्हणून सांगेल, आणि उद्यापासून सगळं पहिल्यासारखं. जगात असंच होतं. डॉक्टरनं कागदावर काहीतरी लिहायला घेतलं. कुंदामावशी दाराशी भिंतीला टेकून उभी होती. ती पुढे आली, आणि मोडलेला हात तिनं त्या कागदावरच ठेवला. कागद लाल झाला.

"खोटा बोलता ती. मिया तिची मान दाबलंय. दोनदा."

डॉक्टर तिच्याकडे बघत राहिली. ही मालिशवाली तिच्या ओळखीची होती. आपल्याकडच्या बायकांना डॉक्टरनंच कुंदामावशीचा नंबर दिला होता. तुम्हाला तर कळतं यातलं, मावशी, ती म्हणाली, दुसऱ्या सिझरचं पोट कसं असतं हे तुम्हाला माहीत नव्हतं का?

कुंदामावशीनं चांगल्या हातानं पदर बाजूला केला आणि निऱ्या खाली ओढल्या. बेंबीपासून खालपर्यंत उभा, जाडजूड, गाठीगाठींचा वण होता. इतकी वर्षं भिंतीला भिंत लागून राहिले, तो मी कधी पाहिला नव्हता.

"माका ठावक होता. दुपारीच हाताक लागला. माझो टाकोय पाचवीकच फुटलेलो, ह्या सर्वेशच्या वेळेक. सासूनं अशीच मान धरलेली. दोन महिने पू येय होतो." ती थांबली. "माका कोणी सोडूक नाय, म्हणान मिया हिका सोडूक नाय."

सर्वेशनं मान वळवली. माझ्या मनात आलं, बिचारी. खरंच आलं, खोटं कशाला सांगू. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणून हसावं असं उरलंच नव्हतं काही. वाटलं, आता जान्हवी रडेल, सासूचा हात धरेल, दोघी एकमेकींचं दुःख ओळखतील. मलाच ते हवं होतं, कारण तसं झालं असतं तर मीही सुटले असते.

सिस्टरनं स्ट्रेचर वळवलं. जान्हवीनं हात वर करून तिला थांबवलं. तिचे ओठ पांढरे पडले होते, पण डोळे सासूवरच होते.

"तुम्हाला ठाऊक नसतं," ती म्हणाली, "तर मी माफ केलं असतं, आई."

मग तिनं नवऱ्याकडे न बघता मला जवळ बोलावलं. मीराला आणि बाळाला आजच सांताक्रूझला तिच्या आईकडे नेऊन पोचवायला सांगितलं, आणि डॉक्टरकडे वळून म्हणाली, आधी काय झालं ते लिहून घ्या, नाव कुंदा काशीराम लिहा, मग मला आत न्या.