वकिलातीच्या दारात

"कागद पायरीवर ठेव. आन् लांब हो."

हिंदुस्थानच्या वकिलातीचा कारकून हे बोलला. औरंगाबादच्या छावणीतल्या बंगल्यात, भर दुपारी. मी महारवाड्यातली, कडंवर दोन महिन्यांची लेक. कागद ठेवला, चार पावलं मागं सरले. शिपायानं त्याच्यावर पाणी शिंपडलं, मग चिमटीत धरून उचलला. शाई फुटली. माझ्या मालकाचं नावच पुसलं.

निजामाच्या राज्याचे शेवटचे महिने होते. माझं माहेर औरंगाबादेत, सासर गोदावरीपलीकडं, नगर जिल्ह्यात. नदी दोन देशांची हद्द झालेली. बाळंतपणाला आलेल्या मला न्यायला मालक आला, तर त्याला नाक्यावर धरला. म्हणं, हिंदुस्थानचा हेर. हेर कसला डोंबलाचा! गाठोड्यात लेकीचं अंगडं-टोपडं आन् गूळ होता.

निजामाच्या कचेरीत गेले. तिथला पेशकारबी, म्हंजी कागद बघणारा कारकून, मला ओट्याखालीच उभं करायचा. म्हणाला, "उधर का आदमी है. हिंदुस्तान के वकील के पास जाव."

हा वकील कोर्टातला नव्हं. एका सरकारचं म्हणणं दुसऱ्याच्या कानी घालायचं, आपली माणसं अडकली तर सोडवायची, हे त्याचं काम. हैदराबादेहून चार दिवसांसाठी आलता. मी लई हुरळले. वाटलं, आपल्या बाजूचं कुणीतरी भेटलं! कचेरीबाहेर अर्ज्या लिहिणाऱ्या चाचाकडून अर्जी करून घेतली. उर्दूत. निजामाच्या मुलखात दुसरी रीत आम्हाला ठावीच नव्हती.

कारकुनानं ओला कागद उघडला आन् भडकला. "ही उर्दू कुणापुढं नाचवतेस? तू रयत कुणाची?"

"म्हायेर इकडलं, सासर तिकडलं."

"मग निजामाकडं जा. दोन सरकारांच्या मामल्यात तुम्हा लोकांचं काय काम?"

कागद माझ्या पायापाशी फेकला.

ही दोन सरकारं एकमेकांचं तोंड बघत नव्हती. रोज भांडण, रोज धमक्या. पण मला कुठं उभं करायचं, ह्यावर दोघांचं बिनबोभाट जमलं होतं. तिथं हद्द नव्हती, नाका नव्हता. माझं डोस्कंच फिरलं. कागद उचलला आन् सरळ आत गेले.

"अगं ए! बाहेर हो!"

"नाय व्हत." कागद त्याच्या वहीवर दाबून धरला. "माझा माणूस तुमच्या मुलखाचा हाय. नाव पुसलंय. मी सांगते, तुम्ही लिहा. मराठीत लिहा."

त्यानं खुर्ची मागं ओढली. शिवले तर, म्हणून! एवढा सरकारचा माणूस, आन् लेकुरवाळ्या बाईला भ्यायला. तेवढ्यात आतल्या खोलीतून वकीलसाहेबानं विचारलं, "काय गडबड आहे?" मग कारकुनानं लिहिलं. तोंड वाकडं करून, पण लिहिलं.

त्या लिहिण्यानं काय झालं? कायबी नाय. निजामाचं राज्य बुडालं तवाच कोठडी उघडली. मालक भाईर आला तो उजवा हात कामातनं गेलेला. लोक म्हणतात, सुटला ना, इसर आता. का इसरू? निजाम गेला, पण पेशकार त्याच खुर्चीत, खादीची नवी टोपी घालून बसलाय.

आता कुठल्याबी कचेरीत मी थेट टेबलापाशी जाते. माझा विटाळ होत असंल, तर त्यानं उठून भाईर जावं.