भोपळ्याच्या मुळावर कलिंगड

सटाण्याकडच्या एका नर्सरीत ती बाई कलमं बांधायची. विहीर आटत चाललेली, तरी मला कलिंगड लावायचंच होतं. म्हणून कमी पाण्यात तग धरणारी कलमी रोपं घ्यायला गेलो होतो. तिने दुधी भोपळ्याच्या रोपाचा शेंडा ब्लेडने उडवला, तिथे कलिंगडाचा कोवळा शेंडा खोचला आणि इवलासा चिमटा लावला. तेवढा वेळ जिभेचं टोक दातांत!

मला राहवेना. "फळाला भोपळ्याची चव आली तर?"

ती खळखळून हसली. "भाऊ, मी डोंगरातल्या पेठची. लग्न करून इथं आले, इथलंच पानी पिते. पन भाकरी? माहेरच्या नागलीचीच, नाचणीची! आता सासूबी तीच मागती."

उन्हाळ्यात शेजारच्या वेलांनी माना टाकल्या, माझे मात्र हिरवेगार! पहिलं कलिंगड न फोडताच गाडीला बांधलं आणि थेट नर्सरी गाठली. तिने ते बुक्कीनेच फोडलं. आत लालभडक! तिने गर तोंडात टाकला. आता जीभ दातांत धरली होती मी.

"याचंबी माहेर सुटलं नाय, भाऊ!"