कुणाचं हाड

डॉक्टरांनी आईचा एक्स-रे उजेडात धरला. खुब्यात पूर्वी बसवलेला सांधा सैल झाला होता आणि भोवतीचं हाड झिजून पोकळी पडली होती. "नव्या सांध्यासाठी ही जागा दान मिळालेल्या हाडाने भरावी लागेल," ते म्हणाले.

आईने लगेच विचारलं, "कुठल्या लोकांचं असतं ते?"

"ते आम्हालाही कळत नाही, आजी."

आईची मला लाज वाटली. मग ध्यानात आलं, उत्तर ऐकायला मीही पुढे सरकले होते.

ऑपरेशननंतर आई वॉकर धरून उभी राहिली. तिचा भार आता कुणा अनोळखी माणसाने पेलला होता. "जे कोण होतं, त्याचं भलं होवो," ती सहज म्हणून गेली. मला मात्र तिच्याकडे पाहवेना.