चढाला मी खाली उतरलो

मंडळी, आज खालापूर ते माथेरान घोड्याची शर्यत झाली. नेरळपर्यंत आगगाडी आली, तरी वर अजून घोडाच लागतो. अट एकच: पोचल्यावर जनावरानं हरभऱ्याची चंदी खाल्ली, तरच जिंकलं.

नेरळचा चढ लागताच मी उतरलो आणि माझ्या चिमणी घोडीचा लगाम धरून चालू लागलो. शेजारून घोडा दामटत रामा हसला, "घोडी मिरवाया आणलीस काय रं?"

"तू हो फुडं. हरभरं तिलाच खायाचं हायत," मी म्हणालो.

वर पोचलो तर लोकांनी रामाला हार घातलेला. पण त्याचा घोडा मान टाकून उभा, हरभऱ्याला तोंड लावीना. चिमणीनं आपली चंदी संपवली, मग त्याचीही.

पंचांनी तो हार काढून चिमणीला घातला. तिनं तोही खाल्ला.

आता सांगा, चढाला उतरणारा मागं पडतो का?